रफूचा प्रिंट

लिनोलियम हे चित्रकारांसाठी बनलेलं साहित्य नव्हे. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने ते तयार केलं, ते जमिनीवर अंथरायला. जवसाचं तेल हवा लागू देऊन घट्ट करायचं, त्यात राळ आणि बुचाची भुकटी मळायची आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून पक्का करायचा. जिथे पाणी सांडतं, दिवसभर पावलं उमटतात आणि संध्याकाळी पुसली जातात, अशा खोल्यांमध्ये ते गेलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकारांनी ते उचललं, कारण त्याला लाकडासारखे तंतू नसतात. हत्यार कुठल्याही दिशेने फिरवा, ते सारखंच कापलं जातं. घरातल्या रोजच्या जगण्यावर मुद्राचित्रांचा, म्हणजे ब्लॉक कोरून कागदावर छापलेल्या चित्रांचा, एक संच करायचा असं मी ठरवलं, तेव्हा लिनोच्या ह्या जन्मकथेमुळे सुरुवात त्याच्यापासूनच करावी असं वाटलं. घराच्या जमिनीवरून आलेल्या साहित्यावर घर कोरायचं, ह्यात मला एक योग्यपणा दिसत होता.

त्याआधी मी घर रंगवत असे. जलरंगात, तैलरंगात. ती चित्रं बघणाऱ्यांना आवडत, पण मला त्यांच्यात एक गोडवा खटकायचा. रंग ओला असेपर्यंत त्याला समजावता येतं. खिडकीतून येणारं ऊन थोडं पिवळं करावं, पडद्याची चुणी थोडी मऊ करावी, असं करत करत घर सुंदर होऊन जातं आणि त्यातलं काम नाहीसं होतं. लिनोत हा लाड चालत नाही. जो भाग कापला तो पांढरा, जो ठेवला तो काळा. चादरीची चुणी एक तर आहे किंवा नाही. हा कडकपणा मला हवा होता.

मग प्रश्न आला, काय कोरायचं? घरात वस्तू ढिगाने असतात आणि त्यातल्या देखण्या वस्तू पहिल्यांदा हात वर करतात. फुलदाणी, आरसा, खिडकीतली कुंडी. मी त्या बाजूला ठेवल्या. एक लहान नोंदवही घेऊन घरात फिरत राहिले आणि एकच कसोटी लावली: जे काम रोज केलं जातं आणि त्याच दिवशी मोडलं जातं, त्याच्याशी जोडलेली गोष्ट. घातलेली बिछान्याची चादर. घडी करून ठेवलेले कपडे. दाराशी काढलेल्या चपला. रात्री लागणारा आणि सकाळी विझणारा टेबलावरचा दिवा. खुर्चीच्या पाठीवर टाकलेले, ना धुवायचे ना कपाटात ठेवायचे असे कपडे. आणि एक खण, ज्यात दोऱ्याचे तुकडे, संपलेल्या बॅटऱ्या, सुट्टी बटणं आणि कुठल्याच कुलुपाला न लागणाऱ्या किल्ल्या साठतात. हा खण मला सगळ्यात प्रिय होता, कारण तो कोणीच मांडलेला नसतो. प्रत्येकजण त्यात टाकतो आणि तो आपोआप रचला जातो.

ह्या काळात मी मेरी कसाट ह्या अमेरिकन चित्रकर्तीचं काम पुन्हा नीट पाहिलं. १८९० साली पॅरिसच्या एकोल दे बोझार ह्या कलाशाळेत जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. ते पाहून तिने दहा रंगीत मुद्राचित्रांचा संच केला आणि १८९१ मध्ये दुरांद-रुएलच्या गॅलरीत मांडला. ड्रायपॉइंट आणि अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर सुईने ओरखडून आणि आम्लाने छटा उठवून केलेली छपाई, प्रत्येक चित्राच्या २५ प्रती. विषय सगळे घराच्या आसपासचे: मुलाची अंघोळ, पत्राचं पाकीट ओठांशी धरून बंद करणारी बाई, केस बांधणारी बाई, नव्या कपड्याचं माप. त्या मापाच्या चित्रात आरशासमोर उभी असलेली बाई मोहक आहेच. पण माझी नजर दरवेळी जाते ती तिच्या पायाशी गुडघ्यावर बसून कपड्याचा काठ धरणाऱ्या शिंपिणीकडे. तिचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. पाठ, मान आणि हात, एवढंच. तरी त्या चित्रात कोण काम करतंय हे क्षणभरही विसरता येत नाही. कसाटने जपानी चित्रांनी भारावून जपानी पोशाख किंवा पंखे घेतले नाहीत; तिने उतामारोसारख्या जपानी छापचित्रकारांकडून सपाट रंग आणि मोजकी रेषा घेतली आणि ती आपल्या खोलीतल्या माणसांना लावली. मला तिच्याकडून शिकायचं होतं ते हेच. नक्षीचा कपडा, त्यामागे नक्षीची भिंत आणि ह्या दोन नक्ष्यांमध्ये एक कोरी जागा, जिथे हात आहे.

आता ब्लॉककडे येते. कागदावरचं रेखाटन लिनोवर उतरवताना पहिली गोष्ट सांभाळावी लागते ती उलटेपणाची. प्रिंट आरशासारखा येतो. निसर्गचित्रात डोंगर डावीकडून उजवीकडे गेला तर फारसं बिघडत नाही. घराचं तसं नाही. घर आपल्या अंगाला माहीत असतं. अंधारातही हात बरोबर बटणाकडे जातो. म्हणून मी प्रत्येक रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घेत होते, तो कागद पालथा करून कार्बनने लिनोवर उतरवत होते आणि मगच पेन्सिलीच्या रेषा शाईच्या पेनाने पक्क्या करत होते. मी ब्लॉकवर पातळ राखाडी रंगाचा एक हातही देते, म्हणजे कापलेला भाग आणि उरलेला भाग पटकन वेगळा कळतो. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण चित्राचे निम्मे निर्णय इथेच होतात. काय काळं राहणार हे इथे ठरतं.

कापण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लिनोकट म्हणजे रेषा खोदणं असा एक समज आहे. खरं तर आपण रेषेच्या दोन्ही बाजूंचा उजेड काढत असतो. हत्यारं मोजकी लागतात: बारीक कामाला व्ही आकाराचं पातं, रुंद भाग साफ करायला यू आकाराची गोल पाती. लिनो जुना झाला की त्यातलं तेल आणखी वाळतं आणि तो कडक, ठिसूळ होतो. तेव्हा ब्लॉक थोडा गरम करून घेतला की पातं सहज सरकतं. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. ब्लॉक घसरू नये म्हणून टेबलाच्या कडेला अडकणारी लाकडी फळी ठेवायची. वळण कापताना मनगट वळवायचं नाही, ब्लॉक फिरवायचा. हे अंगात भिनलं की रेषेला एक श्वास येतो.

कापड कोरणं मला सर्वांत अवघड गेलं आणि त्यातच सर्वांत जास्त आनंद मिळाला. चादरीला स्वतःचा आकार नसतो. ती ज्यावर पडली त्याचा आकार घेते आणि जिने घातली तिच्या हाताच्या झटक्याचा. पहिल्या ब्लॉकवर मी चुण्यांच्या कडा रेषांनी दाखवल्या, तर चादर तारेची वाटायला लागली. मग रेषा सोडून दिल्या. चुणीच्या उताराच्या दिशेने यू पात्याचे लहान, समांतर घाव घालत गेले. जिथे उजेड जास्त तिथे घाव दाट, जिथे सावली तिथे विरळ. घावाची सुरुवात रुंद, शेवट निमुळता. असे घाव एकमेकांना भेटले की कापड वळतं. उशीखाली चादर खोचलेली असते तिथे मी जवळजवळ काहीच कापलं नाही. तो गडद तुकडा आजही त्या प्रिंटमधला माझा सर्वांत आवडता भाग आहे.

कपड्यांच्या घड्यांचा ब्लॉक उलट नक्ष्यांचा होता. एकावर एक आठ-नऊ थर, प्रत्येकाच्या दिसणाऱ्या कडेला वेगळी वीण, वेगळी पट्टी, वेगळे ठिपके. इथे प्रत्येक थराला कापण्याची एकच पद्धत नेमून दिली आणि ती मोडली नाही. टॉवेलला टोचे, सुती कपड्याला बारीक आडव्या रेषा, लोकरीच्या कपड्याला वेडेवाकडे छोटे खड्डे. असं केलं की रंग एकच असूनही बोटांना प्रत्येक कापड वेगळं लागतं असा भास होतो.

छापायला माझ्याकडे घरी प्रेस नव्हता आणि लिनोला तो लागतोच असं नाही. शाई तेलाच्या पायावरची घेतली. तिच्यातही जवसाचंच तेल असतं, म्हणजे ब्लॉक आणि शाई एकाच बीजाच्या. काचेवर शाईची पातळ पट्टी घ्यायची आणि रोलर फिरवत राहायचं. शाई बरोबर पसरली की नाही हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. जाड असेल तर रोलर चिकट, ओला आवाज काढतो. बेताची असेल तर बारीक, सलग सळसळ ऐकू येते. जाड शाई बारीक रेषा बुजवते, म्हणून मी एकदम भरपूर लावण्यापेक्षा पातळ थर पुन्हापुन्हा देते. कागद जपानी, कोझो ह्या झाडाच्या सालीचा. त्याचे तंतू लांब असतात, त्यामुळे तो इतका पातळ असूनही घासताना फाटत नाही. आणि घासायला लाकडी चमचा. वाटोळ्या बाजूने, मधून कडेकडे, खांद्याचं वजन देत. पातळ कागदातून शाई मागच्या बाजूला दिसू लागते आणि कुठे दाब कमी पडला ते कळतं. एक कोपरा धरून कागद अर्धा उचलायचा, बघायचं, परत टेकवायचा, आणखी घासायचं. मोठा प्रेस हे स्वातंत्र्य देत नाही.

तेलाची शाई वाळायला अनेक दिवस घेते. तेवढे दिवस प्रिंट घरातच दोरीला चिमट्यांनी लटकत होते आणि घरातली माणसं त्यांच्याखालून वाकून जात होती. त्यामुळेच आईने ते इतक्या जवळून, इतके दिवस पाहिले. ती माझ्याकडेच राहते. तिने आयुष्यभर शिवणकाम केलंय, आणि कापडाच्या बाबतीत तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी पक्की आहे. चादरीचा आणि घड्यांचा प्रिंट तिने बराच वेळ पाहिला.

“घड्या छान आल्यात,” ती म्हणाली, “पण अगं, घालतंय कोण?”

मी तिला सांगायला लागले की माणूस न दाखवता त्याचं अस्तित्व सुचवणं हीच तर कल्पना आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “घडी घातलेली दिसली की लोकांना वाटतं ती आपोआप पडते. तू तरी तसं नको दाखवूस.”

ह्या वाक्याने संच बदलला. माझ्या निवडीच्या कसोटीत काम होतं, पण चित्रांत कामाचा शेवट तेवढा आला होता. नीटनेटकं झाल्यानंतरचं घर. कसाटच्या त्या गुडघ्यावर बसलेल्या बाईला मी इतकं मानत होते आणि माझ्या ब्लॉकवर एकही हात नव्हता. पुढच्या आठवड्यांत मी फक्त हात काढले. बटण लावणारे, चादर झटकणारे, खणात किल्ली शोधणारे, चपलेचा पट्टा ओढणारे. झटकलेल्या चादरीच्या चित्रात दोन टोकांना दोन माणसांच्या मुठी आहेत आणि मधे पूर्ण रुंदीभर हवेने फुगलेलं कापड. माणसं चौकटीबाहेर. माझी मुलगी आणि मी रोज ज्या पद्धतीने चादर झटकतो, तोच कोन. तिने एका टोकाला आपली मूठ ओळखली, अंगठ्याच्या नखावरून.

दिव्याचं चित्र मात्र मी वेगळ्या पद्धतीने केलं, कारण दिव्याला रंग हवा होता. एकाच ब्लॉकमधून अनेक रंग काढायची रिडक्शन पद्धत वापरली. आधी सर्वांत फिका रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग ब्लॉकवरचा जो भाग तसाच फिका राहायला हवा तो कापून टाकायचा, मग त्यावर पुढचा गडद रंग, पुन्हा कापायचं. प्रत्येक पायरीला ब्लॉक कमी होत जातो, आणि शेवटी त्यात फक्त सर्वांत गडद भाग उरतो. पिकासोने फ्रान्समधल्या वालोरीसमध्ये इदाल्गो आर्नेरा ह्या मुद्रकाबरोबर ही पद्धत फार पुढे नेली. १९६२ मधलं त्याचं दिव्याखालच्या टेबलावर ठेवलेल्या ग्लासाचं लिनोकट म्हणजे एक साधं घरगुती टेबल, पण उजेड कसा धारदार तुकड्यांनी पडतो ते बघत राहावं. ह्या पद्धतीत परतीची वाट नसते. पहिला रंग छापतानाच एकूण प्रती किती हे ठरवावं लागतं, आणि जे वाया जातील त्यांच्यासाठी थोडे जास्तीचे कागद धरावे लागतात. रंगावर रंग नेमका बसावा म्हणून मी जाड पुठ्ठ्याचा काटकोन करून त्यात ब्लॉक आणि कागद दोन्ही अडकवले. माझे रंग चार होते: कागदाचा पांढरा धरून पिवळसर, मातकट, निळा-काळा. तिसऱ्या छपाईला दिव्याखालचा उजेड अचानक ‘लागला’. तोवर ते नुसते डागांचे तुकडे होते.

आता रफूकडे.

हातांच्या मालिकेत आईचे हात असणारच होते. ती खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याला रफू करत असताना मी रेखाटनं केली आणि त्यावरून लिनो कापला. हात चांगले आले. बोटांचे सांधे, सुई धरलेला अंगठा, ताणलेला दोरा. उजवा हात उजवाच राहिला, कारण उलटवण्याचं काम आधीच केलं होतं. पण ज्या जागेवर ते हात काम करत होते, ती रफूची जागा नुसती चौकड्यांची जाळी दिसत होती. रफू तशी नसते. विरलेल्या कापडाच्या कडेपासून खूप आधी, चांगल्या कापडात ती सुरू होते, आडवे दोरे आधी, मग त्यांच्यात वर-खाली करत उभे. ताण प्रत्येक टाक्याला वेगळा. व्ही पात्याने मी त्याचं वर्णन करू शकत होते. ती जागा मला वर्णनात नको होती, तीच हवी होती.

म्हणून कोलाग्राफ. ह्या पद्धतीत पत्रा खोदत नाहीत. पुठ्ठ्यावर कापड, कागद, दोरा, वाळू असं काहीही चिकटवून प्लेट बांधतात आणि तिच्या खाचांतली शाई छापतात. ह्या नावाचा वापर १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लेन आल्प्स ह्या मुद्राचित्रकाराने रूढ केला. मी आईकडे एक जुना अभ्रा मागितला, ज्याला तिने बऱ्याच वर्षांपूर्वी रफू केली होती.

“तो नको,” ती लगेच म्हणाली. “तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, टाके ओढलेत बघ. मी तुला नवीन करून देते, सरळ.”

तिचा आग्रह मला पटला. जिचं काम दाखवायचं तिला ते आपल्या मनासारखं असावं असं वाटणारच. म्हणून दोन्ही करायचं ठरलं: एक जुनी रफू, एक तिने ह्याच कामासाठी नव्याने केलेली.

कापड चिकटवणं सोपं आहे, बंद करणं अवघड. कापड तसंच ठेवलं तर ते शाई पिऊन टाकतं आणि प्रिंटमध्ये काळा गोळा येतो. शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या रोगणाचे, थर जाड दिले तर वीण बुजते आणि गुळगुळीत डाग उरतो. छोट्या तुकड्यांवर करून पाहिलं तेव्हा पातळ केलेल्या शेलॅकचे दोन हात, मधे पूर्ण वाळू देऊन, एवढं बरोबर बसलं. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढेच, नाहीतर प्लेट वाकते. अभ्रा मी उलट्या बाजूने चिकटवला. सुलट्या बाजूला आई टाके लपवते. उलट्या बाजूला दोऱ्याची वळणं, सुरुवातीची गाठ, संपताना मागे नेलेला शेवटचा टाका, हे सगळं उघडं असतं.

हे छापायला मात्र प्रेस हवा. चित्रकार मिळून वापरतात अशा एका कार्यशाळेत मी प्लेट घेऊन गेले. शाई प्रशियन निळ्यात थोडा तपकिरी मिसळून, पारदर्शक बेस घालून सैल केली. पुठ्ठ्याच्या तुकड्याने ती प्लेटवर सगळीकडे दाबून भरली, मग टार्लटनने, म्हणजे खळ दिलेल्या जाळीदार मलमलीने, गोल हात फिरवत पुसत गेले. इथे हात हलका हवा. जास्त पुसलं तर टाके कोरडे पडतात, कमी पुसलं तर सगळं धुरकट. शेवटी तळहाताने कडा साफ केल्या. कागद आधी पाण्यात भिजवून टिपकागदात दाबून ठेवला होता. ओलसर कागद मऊ होऊन खाचेत उतरतो. प्लेट, त्यावर कागद, त्यावर लोकरीचे फेल्ट, आणि प्रेसचं चाक एका दमात, न थांबता.

जुन्या अभ्र्याचा प्रिंट उचलला तेव्हा आधी मला रफू दिसलीच नाही. दिसलं ते तिच्या भोवतालचं कापड. वर्षानुवर्षं धुवून, घासून ते इतकं पातळ झालं होतं की त्याची वीण जागोजागी सरकली होती, आणि तो प्रत्येक सरकलेला धागा कागदावर होता. त्याच्या मधोमध रफूचा दाट, किंचित वाकडा चौकोन. ओढलेल्या टाक्यांनी आजूबाजूच्या कापडात बारीक सुरकुत्या पाडल्या होत्या, त्या सुरकुत्यांत शाई साठून त्या किरणांसारख्या बाहेर पसरल्या होत्या. कुठल्याही पात्याने मी ते काढू शकले नसते, कारण मला ते माहीतच नव्हतं. नवीन रफूची प्लेट सरळ आणि सुरेख आली, पण दोरा कोरा आणि फुगीर असल्यामुळे तो कागदात खोल घुसला आणि त्याच्या कडेने पांढरी पोकळी पडली. कागद तिथे जवळजवळ फाटायला आला होता. मी पुढच्या वेळी दाब कमी केला, फेल्टचा एक थर वाढवला, तेव्हा ती बसली.

आईने दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बोटाने, कागदाला न टेकवता, टाके मोजल्यासारखे केले. जुन्या रफूतला एक दोरा तिने शोधून काढला जो वरून जायचा तो खालून गेला होता. “इतकी वर्षं कळलं नव्हतं,” म्हणाली. मग बराच वेळ नव्या रफूच्या प्रिंटकडे पाहत राहिली आणि म्हणाली की हा संचात ठेव, पण जुन्याच्या नंतर ठेव.

ह्याच टप्प्यावर मला झरीना हाशमी आठवत होती. अलिगढमध्ये जन्मलेली, गणित शिकलेली, पॅरिसमध्ये हेटर ह्या मुद्राचित्रकाराच्या अतेलिए १७ ह्या कार्यशाळेत मुद्राचित्रण शिकलेली झरीना. १९९९ मध्ये तिने ३६ काष्ठठशांचा संच केला, सोडून आलेल्या घरावर. उंबरा, दार, भिंत अशा एकेका शब्दाला एकेक जवळजवळ अमूर्त आकार. वडिलांच्या घराचा नुसता आराखडाही तिने एका एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्याच्या छापात, आणला आहे. तिच्या घरात वस्तूच नाहीत, आणि तरी ते घर आहे. तिचं काम पाहून मी माझ्या संचातून खणाचा प्रिंट जवळजवळ काढला होता, कारण त्यात वस्तू फार होत्या. शेवटी ठेवला. तिचं घर आठवणीतलं, दूरचं; तिथे रेषा उरते. माझं घर चालू आहे, त्यात रोज नवी किल्ली येऊन पडते. तिच्याकडून मी घेतला तो मोकळा कागद. आधी माझे ब्लॉक कागदाच्या कडेपर्यंत जात होते. आता रफूचा लहानसा चौकोन मोठ्या कागदावर एकटा ठेवला, चारी बाजूंनी भरपूर जागा सोडून.

एडिशन, म्हणजे एकूण प्रती किती काढायच्या, हे ठरवणं प्लेटनेच केलं. लिनो भरपूर प्रती देतो, त्यामुळे त्या चित्रांच्या २० प्रती सहज निघाल्या असत्या. पण कोलाग्राफची प्लेट प्रत्येक वेळी प्रेसखाली थोडी दबते. जुन्या अभ्र्याचे पातळ धागे हळूहळू सपाट होऊ लागले, सुरकुत्यांची टोकं बोथट झाली. १० प्रतींनंतर मी थांबले आणि मग सगळा संचच १० चा केला. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही. प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळाव्यात असा मुद्राचित्रकारांमध्ये एक आग्रह असतो आणि लिनोच्या बाबतीत मीही तो पाळला. ज्यांच्यात शाई कमी-जास्त होती त्या प्रती बाजूला काढल्या. रफूच्या प्लेटला तो नियम लावला नाही. तिथे पहिली आणि दहावी प्रत वेगळी आहे, आणि ज्यांनी संच घेतला त्यांना मी हे आधी सांगितलं. शीर्षकाच्या जागी आईच्या सांगण्यावरून ‘रफू, चष्म्याआधी’ आणि ‘रफू, चष्म्यानंतर’ असं लिहिलंय. चौकशी करणाऱ्यांना ती स्वतः फरक समजावून सांगते.

एडिशन पुरी झाल्यावर लिनोच्या ब्लॉकवर आडवी रेघ मारून तो रद्द करण्याची प्रथा आहे, म्हणजे पुन्हा कोणी छापणार नाही. चादरीच्या ब्लॉकवर मी ती मारली. हातांच्या ब्लॉकवर अजून नाही. त्या हातांवर मला आणखी एक प्रयोग करायचा आहे, लिनोने छापलेल्या हातांखाली कोलाग्राफने छापलेलं खरं कापड, दोन्ही एकाच कागदावर. त्यासाठी लिनोचा कोरडा कागद आणि कोलाग्राफचा ओला कागद ह्यांचा मेळ घालावा लागेल, कारण भिजवल्यावर कागद वाढतो आणि वाळल्यावर आकसतो. आधी ओली छपाई, मग वजनाखाली पूर्ण वाळवून लिनो, असा क्रम धरून कागद कापून ठेवले आहेत. आईने त्यासाठी एक फाटका टॉवेल निवडून दिलाय आणि तो तिने मुद्दाम अर्धाच रफू केलाय.